आपला राग पोरांच्या खांद्यावर का?

ईदला परळीत घरी होतो. तेरा वर्षांच्या भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामू, हे बघा ना." दहा-बारा वर्षांचा पोरगा, हातात तलवार, मागे बदल्याचं गाणं. खाली मोठ्या माणसांची शाबासकी. क्लिप मोहल्ल्याच्याच ग्रुपवर आली होती. त्या ग्रुपमध्ये मीही आहे. मी गप्प होतो.

"तिकडचेही तेच करतात" हे उत्तर मला पाठ आहे. त्यांचंही चूकच. पण आधी इश्माईल बिया या सिएरा लिओनच्या मुलाचं ऐका. १९९३ मध्ये बंडखोरांनी त्याच्या गावावर हल्ला केला. पुढे त्याचे आईवडील आणि भाऊ मारले गेले. तेराव्या वर्षी त्याच्या हाती रायफल दिली ती बंडखोरांनी नव्हे, सरकारी सैन्याने. सांगितलं काय? तुझं घर संपवणाऱ्यांचा सूड घे. त्याच्यावरचा अन्याय शंभर टक्के खरा होता, आणि त्याच खऱ्या अन्यायाचा वापर करून त्याला मारेकरी बनवलं गेलं. १९९६ मध्ये युनिसेफने त्याला बाहेर काढलं. तो शिकला, २००७ मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं. आज तो युद्धात सापडलेल्या मुलांसाठी जगभर बोलतो.

हे आफ्रिकेतच घडतं असं नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये नक्षलवाद्यांनी मुलं ओढली आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या केलेल्या फौजेतही अल्पवयीन होते. ह्यूमन राइट्स वॉचने २००८ मध्ये दोन्ही बाजू नोंदवल्या आहेत. बाजू कुठलीही असो, मरायला पोर गरिबाचंच.

आपल्या बाल न्याय कायद्याचं, २०१५ च्या, कलम ८३ वाचा. बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. पण व्यवहारात काय होतं? गुन्हा दाखल झाला की भडकवणारे ग्रुप सोडतात. ठाण्याच्या बाकावर बसते ती पोराची अम्मी. बाप ऊसतोडीला गेलेला असतो. पोराची दहावी बुडते.

राग येऊ नये असं मी म्हणत नाही. कारणं खरी आहेत. पण तो राग मोठ्यांचा आहे. तो मोठ्यांनीच कोर्टात, मतपेटीत, माहितीच्या अधिकाराच्या अर्जात न्यावा. ॲडमिनभाई, आजच ग्रुपमधली अठराखालची पोरं काढा. क्लिप आली की तिथेच, सगळ्यांसमोर, "नको" म्हणा.

मी त्या रात्री म्हटलं. दोघे ग्रुप सोडून गेले. जाऊ द्या.