श्वास सोडावा कसा?

दरवर्षी २१ जून रोजी एखाद्या शाळेच्या पटांगणात अवश्य डोकावून पाहावे. २०१५ पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो आणि त्या सकाळी देशभर लक्षावधी मुले रांगा धरून उभी असतात. “दीर्घ श्वास घ्या!” अशी आज्ञा सुटताच मुले छाती फुगवितात, खांदे कानांपर्यंत नेतात आणि पोट आत ओढून घेतात. “सोडा!” म्हणताच तो सगळा वारा क्षणार्धात फुस्सकन बाहेर पडतो. मुलांना कशाला हसावे? बाहेर उभे राहून कौतुकाने पाहणाऱ्या आपणा पालकांची रीतही याहून निराळी नसते. श्वास ही घेण्याची वस्तू आहे, अशी आपली समजूत आहे. सोडणे आपण हिशेबातच धरीत नाही. वस्तुतः श्वासाचा जो भाग आपल्या उपयोगी अधिक पडतो, तो सोडण्याचाच होय.

वाचकहो, हे वाचता वाचताच एक हात पोटावर ठेवून पाहा. श्वास घेताना पोट किंचित पुढे येते का? येत असेल तर उत्तम. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायूचा पडदा आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना हा घुमट खाली सपाट होतो, फुप्फुसांना जागा मिळते आणि पोटातील अवयव थोडे पुढे सरकतात. पाळण्यात निजलेल्या तान्ह्या मुलाचे पोट कसे संथपणे वरखाली होते, ते आठवावे. त्याला कोणी शिकविलेले नसते. पुढे वाकून बसण्याची सवय, घट्ट कमरपट्टे आणि “पोट आत घे” हा वडीलधाऱ्यांचा उपदेश, यांमुळे मोठेपणी आपण ती रीत घालवून बसतो आणि छातीच्या वरच्या भागानेच भराभर श्वास घेऊ लागतो.

यात बिघडते काय, हे समजण्यासाठी थोडे गणित करू. घरातील शाळकरी मुलास हाताशी घ्यावे. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. यांपैकी सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिका यांतच राहते. जेथे प्राणवायू रक्तात मिसळतो, त्या वायुकोशांपर्यंत ती पोहोचतच नाही. प्रत्येक श्वासाला ही जकात भरावीच लागते. आता एक मनुष्य मिनिटास १२ वेळा ५०० मिलिलिटर आणि दुसरा २४ वेळा २५० मिलिलिटर हवा घेतो असे समजा. दोघांचीही बेरीज ६ लिटरच. परंतु जकात वजा जाता पहिल्याच्या वायुकोशांत ४ लिटर २०० मिलिलिटर हवा पोहोचते आणि दुसऱ्याच्या वायुकोशांत अवघी २ लिटर ४०० मिलिलिटर! कष्ट मात्र दुसऱ्याचेच अधिक.

यावरून कोणी असे समजू नये की, जोरजोराने श्वास घेतल्यास शरीरात प्राणवायूचा साठा होईल. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ या वर्षांत, बोटाला लावावयाचा तो लहानसा चिमटा घरोघरी आला होता. निरोगी माणसाच्या बोटावर तो साधारणतः ९५ ते १०० असा आकडा दाखवितो. म्हणजे भांडे आधीच काठोकाठ भरलेले असते. उलट उगीच भराभर श्वास घेत राहिल्यास शरीरातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. पुष्कळ नवशिक्यांना हीच “प्राणशक्तीची जाणीव” वाटते, हे पाहून हसावे की काळजी करावी ते कळत नाही. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तर जलद श्वासाचे प्रकार वैद्यकीय सल्ल्यावाचून करूच नयेत.

मग संथ श्वासाचा लाभ कोणता? मनगटावरची नाडी धरून सावकाश श्वास घ्यावा आणि सोडावा. श्वास घेताना नाडी जराशी जलद होते, सोडताना मंद होते. तरुण वयात हा फरक विशेष जाणवतो. मेंदूपासून हृदयापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची मज्जा हृदयाला लगाम घालते आणि उच्छ्वासाच्या वेळी हा लगाम अधिक आवळला जातो. म्हणूनच भीती वा संताप आवरावयाचा असेल, तर श्वास घेण्यापेक्षा तो लांबवून सोडणे अधिक कामी येते. प्राणायामाच्या परंपरेत पूरकाहून रेचक दुप्पट सांगितला आहे, तो उगीच नव्हे. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना करणारे स्वामी कुवलयानंद यांनी योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासण्याची जी प्रथा आपल्याकडे घालून दिली, ती पुढे अनेक देशांत चालू राहिली. इटलीतील पाविया येथील डॉ. लुचियानो बर्नार्दी आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांना लॅटिन भाषेतील जपमाळ आणि एक तिबेटी मंत्र म्हणावयास लावले. दोन्ही वेळी श्वासाची गती आपोआप मिनिटास सुमारे सहावर आली आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झालेली आढळली. धर्म निराळे, भाषा निराळ्या; पण लांब ओळ एका दमात म्हणावयाची तर उच्छ्वास लांबवावाच लागतो. आपल्याकडे दिवेलागणीला मुलांना मोठ्याने परवचा म्हणावयास लावीत, त्यातही नकळत हाच व्यायाम घडत असे.

येथे घरचीच एक हकीकत सांगतो. आमच्या थोरल्या वहिनींनी खानदेशातल्या एका खेड्यात तीस वर्षे चुलीवर स्वयंपाक केला. पुढे जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. “वयाचा दमा” म्हणून घरच्यांनी, त्यांत मीही आलो, तिकडे दुर्लक्ष केले. कोणी ओवा दिला, कोणी प्राणायाम सुचविला. अखेर फुंकून घेण्याच्या यंत्रावर तपासणी झाली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्याचे निष्पन्न झाले. या रोगात हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही; जुनी हवा कोंडून राहते आणि नवीला जागा उरत नाही. डॉक्टरांनी ओढून घ्यावयाचे औषध दिले, तर वहिनी म्हणाल्या, “पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही म्हणतात, भाऊजी!” ही समजूत किती घरांत किती रुग्णांचा घात करीत असेल! पंपातील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, म्हणून ते अगदी थोड्या मात्रेत पुरते आणि त्याचे व्यसन लागत नाही. श्वासाचा व्यायाम औषधाच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नव्हे.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी आली, तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी यांसाठी चूल अनेक ठिकाणी अजून पेटतेच. ती आपल्याही घरी पेटत असेल, तर निदान उघड्यावर मांडावी आणि तान्ह्या मुलाला काखेत घेऊन तिच्यापुढे बसू नये.

निरोगी माणसाने रोज पाच मिनिटे ताठ पण सैल बसावे. तोंड मिटून नाकाने, पोट पुढे येईल असा, मनातल्या मनात चार आकडे मोजीत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजीत सोडावा. श्वास कोंडून धरू नये. गुदमरल्यासारखे वाटल्यास आकडे कमी करावेत.

वहिनींना डॉक्टरांनी निराळी युक्ती शिकविली. नाकाने श्वास घ्यावयाचा आणि बशीतल्या चहावर फुंकर घालावी तसे ओठ करून तो हळूहळू सोडावयाचा, म्हणजे अरुंद नलिका मिटत नाहीत आणि कोंडलेली हवा निघून जाते. सकाळ-संध्याकाळ त्या पंप घेतात आणि दुपारी आमचा दुसरा मजला चढून येतात. दर तीन पायऱ्यांना एक लांब फुंकर. मध्येच कोणी बोलावयास लागले, तर हातानेच थांबवितात.