शाल नको, तिकीट काढा

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणारा मराठी मनुष्य आपल्या संस्कृतीविषयी जितका हळवा असतो तितका तो पुण्यात किंवा नागपुरात असताना नसतो. बदलीचा हुकूम निघाला की घरसामानाबरोबर त्याची अस्मिताही बांधली जाते आणि नव्या गावच्या पहिल्या गणेशोत्सवात ती सोडली जाते. मग मंडळ निघते, कार्यकारिणी निवडली जाते, नाट्यगीतांची एक संध्याकाळ ठरते, आणि आभारप्रदर्शनात मराठी संगीताच्या भवितव्याविषयी कळकळीची चिंता व्यक्त होते. ही कळकळ खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की ती फुकट आहे. जी कळकळ रुपयांत व्यक्त होत नाही तिच्यावर कोणत्याही गवयाचे घर चालत नाही.

हा विषय येथे, म्हैसुरात, विशेष निकडीने सुचावा याला कारण आहे. हे शहर संगीताच्या राजाश्रयाचे शहर म्हणून ख्यातनाम. वीणा शेषण्णा आणि वासुदेवाचार्य हे या दरबारचे. मिरजेचे अब्दुल करीम खाँ येथे येऊन गायले आणि कर्नाटक संगीतातून काही घेऊन परत गेले. शेवटचे महाराज जयचामराज वडियार तर स्वतः कृतिकार. लंडनमध्ये विपन्नावस्थेत दिवस काढणाऱ्या मेटनर या रशियन संगीतकाराच्या रचनांचे ध्वनिमुद्रण व्हावे म्हणून त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस येथून द्रव्य पाठविले. असा दाता मिळाला तर कोणत्या कलावंताला नको आहे? परंतु राजे गेले. त्यांच्या जागी आता दसऱ्याच्या मंचावर सरकार उभे आहे, आणि सरकारी निमंत्रणाची आयुर्मर्यादा फार तर दहा दिवसांची असते.

याच शहराची दुसरीही एक परंपरा आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. १९३५ साली मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी येथे आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने जे नाव धारण केले ते मुळात कोणाचाही हुकूम नसताना एका शिक्षकाच्या घरून उच्चारले गेले होते. स्वतःचे साधन उभारावे, स्वतःचा आवाज सोडावा, आणि ऐकणारा कोण निघतो ते पाहावे, ही ती परंपरा.

रघु दीक्षित हे या दुसऱ्या परंपरेतले. त्यांचा जन्म नाशिकचा, हे कळताच आपल्यातील काहींचे डोळे चमकतील आणि पुढल्या सत्काराच्या यादीत त्यांचे नाव घालण्याची सूचनाही येईल. तो उत्साह आवरावा. ते वाढले म्हैसुरात, घराणे दाक्षिणात्य, आणि ज्या गाण्यांनी त्यांचे नाव झाले त्यांतली महत्त्वाची गाणी कन्नड आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण झालेला, भरतनाट्यम् शिकलेला हा तरुण. संगीताचे रीतसर शिक्षण नाही. गिटार स्वतः शिकला, मित्र जमवून वाद्यवृंद केला आणि पगाराच्या नोकरीऐवजी गाणे पत्करले. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या अनुकूल नव्हत्या. पहिली ध्वनिमुद्रिका निघायला २००८ साल उजाडले. तीही विशाल-शेखर या संगीतकारांच्या नव्या संस्थेने काढली. २०१० मध्ये ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात ते गायले. समोरच्या श्रोत्यांना त्या गाण्याची भाषा कळत नव्हती. तरी त्यांनी ते गाणे आपलेसे केले.

आणि ते गात होते काय? ज्यांची पदे त्यांनी जगभर नेली ते शिशुनाळ शरीफ १८१९ साली हावेरी भागातील एका खेड्यात जन्मले आणि १८८९ मध्ये वारले. जन्माने मुसलमान, गुरू गोविंद भट्ट नावाचे ब्राह्मण. ‘गुडुगुडिया सेदि नोडो’ हे त्यांचे हुक्क्याच्या रूपकावरील पद आज विजेच्या गिटारीवर गायले जाते आणि पंचविशीच्या आतली पोरे ते तोंडपाठ म्हणतात. हे एका रात्रीत घडले नाही. खेड्यातील भजनकऱ्यांनी ती पदे जपली, सी. अश्वथ यांनी त्यांना चाली देऊन ती शहरांतील घराघरांत पोचविली. १९९० मध्ये नागाभरणांनी शरीफांवर चित्रपट काढला, त्याचेही संगीत अश्वथ यांचेच. दीक्षित आले ते या पायवाटेवरून. मात्र प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी कॅसेट विकत घेतली होती, कोणीतरी तिकीट काढले होते. आपल्याला दिसते ती कलावंताची प्रतिभा. दिसत नाही तो श्रोत्याचा खर्च.

आता स्वतःच्या घरात पाहावे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे आपले शरीफच. तुकोबांचे समकालीन, ‘योगसंग्रामा’चे कर्ते, चांद बोधल्यांचे शिष्य, वारकरी मंडळींनी त्यांना संत मानले. अन्य प्रांतात असा पुरुष असता तर त्याच्या पदांवर एव्हाना चार वाद्यवृंद उभे राहिले असते. आपण त्यांना अभ्यासक्रमात ठेवले आहे, आणि अभ्यासक्रमात ठेवलेली वस्तू बहुधा परीक्षेनंतर सापडत नाही. एखादा तरुण उद्या शेख महंमद गाऊ लागला तर आपले कोणते मंडळ त्याला बोलावील? त्याचे नाव कोणी ऐकलेले नसणार, म्हणून बोलावणार नाही. आणि बोलावणार नाही म्हणून त्याचे नाव कोणी ऐकणार नाही. हे रहाट थांबविण्याचे सामर्थ्य श्रोत्याच्या हाती आहे. कलावंत कितीही थोर असला तरी त्याच्या हाती नाही.

तिकीट म्हटले की आपल्या सुसंस्कृत मंडळींना काहीसे हलके वाटते. कला आणि पैसा यांचा उल्लेख एका वाक्यात करू नये असा जणू संकेत आहे. या संकेताला मराठी इतिहासाचा आधार मुळीच नाही. कर्नाटकातून सांगलीस आलेल्या मंडळींचा खेळ पाहून तेथील अधिपती चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करण्याची आज्ञा केली आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झाले, हे शाळेतले पोरही सांगेल. पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, आश्रय तुटला, आणि भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी रंगभूमीचा जन्म सांगलीच्या राजवाड्यात झाला खरा. ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली ती मुंबईच्या तिकीटखिडकीपाशी. अनोळखी प्रेक्षकाचा रुपया हा राजाच्या मोहोरेहून मानाचा आहे, कारण त्यामागे आज्ञा नसते.

राजा नाही आणि तिकीटखिडकीही नाही अशा स्थितीत श्रोतृवर्ग कसा उभा राहतो, याचे उदाहरणही आपल्यापाशी आहे. वामनदादा कर्डक १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातील देशवंडीस जन्मले. लिहिणे-वाचणे ते मोठेपणी शिकले, आणि आयुष्यभर गावोगाव, वस्तीवस्तीत बाबासाहेबांची गाणी रचीत आणि गात हिंडले. ना नभोवाणीची मेहेरबानी, ना चित्रपटाची. ज्यांच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत होती त्यांनी या गायकाला जेवू घातले आणि त्याची गाणी जिवापाड सांभाळली. २००४ मध्ये वामनदादा गेले. गाणी गेली नाहीत. त्या श्रोत्यांपाशी आपल्या एवढे वेतन नव्हते, महागाई भत्ता नव्हता, घरभाडे भत्ता तर नव्हताच. मग त्यांना जे जमले ते पहिल्या वर्गाच्या अधिकाऱ्यांना का जमू नये?

येथे तीन आक्षेप ठरलेले आहेत, त्यांचा परामर्श घेणे इष्ट.

पहिला आक्षेप अभिरुचीचा. गिटार आणि ढोलाच्या गदारोळात अभंग म्हणजे विटंबना, असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. या मंडळींनी आपल्या लाडक्या पेटीची जन्मपत्रिका पाहावी. हार्मोनियम परदेशातून आली. तिला शास्त्रीय संगीतात स्थान नाही म्हणून नभोवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आज पेटीशिवाय भजन सुरू होत नाही. वाद्याचे गोत्र विचारू नये. गाणारा शब्दांशी प्रामाणिक आहे की नाही ते पाहावे. नसेल तर अवश्य टीका करावी, पण तिकीट काढून आत बसल्यावर. न ऐकता केलेल्या टीकेला समीक्षा म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप काटकसरीचा. आता सारे भ्रमणध्वनीवर फुकट ऐकता येते, मग सभागृहात कशाला जायचे? उत्तर सोपे आहे. एका वेळच्या ऐकण्यामागे गाणाऱ्याच्या हाती पडतात ते पैसे, रुपये नव्हेत. संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ किंवा क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये देशभर गाजले. ही मराठी गाणी कोणत्याही मंडळाच्या ठरावाशिवाय गाजली, याचा आनंदच आहे. पण एवढी प्रसिद्धी लाखांत एकाला लाभते. जो शांतपणे, वर्षानुवर्षे, एका संताची वा एका बोलीची गाणी बांधीत बसतो त्याला लाखो कान नकोत. शंभर गावांत दोनदोनशे माणसे हवीत, जी दर वर्षी पुन्हा येतील. त्या दोनशेंपैकी चाळीस तरी म्हैसुरात सहज निघावीत.

तिसरा आक्षेप आपल्या परकेपणाचा: आपण मूठभर, प्रांत दुसऱ्यांचा, भाषा दुसऱ्यांची. पण ज्या भीमसेन जोशींनी अभंगांना मोठाल्या सभागृहांत नेऊन बसविले ते १९२२ मध्ये गदगकडे जन्मले, आणि त्यांची मातृभाषा कन्नड होती. कन्नड मनुष्याला मराठी अभंग परका वाटला नाही. मग आपल्या बाजूने ही देवघेव इतकी आखडती का? येथे दहा-दहा वर्षे राहून ज्यांनी एकही कन्नड गाणे पैसे देऊन ऐकले नाही असे मराठी अधिकारी थोडेथोडके नाहीत. शेजाऱ्याचे गाणे न ऐकणाऱ्याने आपले गाणे कोणी ऐकत नाही अशी तक्रार करू नये.

मग करावे काय? थोर योजना नकोत. मंडळाच्या वार्षिक खर्चाचा निम्मा भाग ज्याचे नाव अद्याप झालेले नाही अशा एका मराठी गायकासाठी किंवा वाद्यवृंदासाठी काढून ठेवावा. त्याचे मानधन आधी लेखी ठरवावे आणि कार्यक्रमाच्या रात्रीच हाती द्यावे. ‘बिल मंजूर झाल्यावर’ हा आपल्या कचेरीतला वाक्प्रचार कचेरीतच राहू द्यावा. प्रवेशिका कोणालाही फुकट देऊ नये. अध्यक्षांना नाही, देणगीदारांना नाही, मोठ्या साहेबांच्या कुटुंबाला तर मुळीच नाही. गीतांचा आशय कन्नडमध्ये एका पानावर छापून शेजाऱ्यांनाही तिकीट विकावे. आणि वर्षातून निदान दोन वेळा येथल्या कन्नड पोरांच्या कार्यक्रमाला, भाषा पुरती कळो न कळो, पैसे मोजून जाऊन बसावे.

आणि ती शाल आता पुरे करावी. मंचावर शाल पांघरली जाते ती कलावंताच्या अंगावर. ऊब मिळते ती पांघरणाऱ्याला. नारळाने गाडीचे भाडे भागत नाही, आणि मानपत्र गहाण ठेवून तबला मिळत नाही. सत्कार हा पोचलेल्या माणसाचा करतात. पोचायला निघालेल्याला वाटखर्ची लागते. आपला समाज सत्कारात उदार आणि वाटखर्चीत कृपण आहे, आणि याच एका कारणाने आपल्याकडे सत्कारमूर्ती पुष्कळ आणि नवे गाणे थोडे.

येत्या वार्षिक सभेत अहवालवाचन होईल, जमाखर्च मांडला जाईल, मराठीच्या अभ्युदयाचा ठराव एकमताने संमत होईल. त्या वेळी एखाद्या सभासदाने उभे राहून एवढेच विचारावे: गेल्या वर्षभरात आपल्यापैकी किती जणांनी, ज्याचे नाव पूर्वी ऐकले नव्हते अशा गायकाचे तिकीट स्वतःच्या पैशाने काढले? वर झालेले हात मोजावेत आणि तो आकडा इतिवृत्तात नोंदवावा. मराठी संगीताच्या भवितव्याविषयी त्याहून खरे विधान त्या सभेत दुसरे होणार नाही.