पहिलीत नाव घालताना

डिसेंबर सरत आला की बदलापूरच्या कुळगावात, कात्रपला, अंबरनाथच्या पूर्वेला आणि उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये एकच विचारणा सुरू होते, ‘नाव कुठे घातलंत?’ मग फी, व्हॅनचे दर, गणवेश, कोणत्या शाळेचा फॉर्म संपला अशी चर्चा रंगते. आपल्या गल्लीच्या टोकाला जी नगरपालिकेची, महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिचं नाव या चर्चेत सहसा निघत नाही. हा लेख त्या शाळेसाठी आहे. येत्या जूनमध्ये ज्यांचं मूल पहिलीत जाणार आहे त्या आईवडिलांनी, आणि दिवसभर ते मूल सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी, मावशी-काकूंनी ती शाळा एकदा आत जाऊन बघावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. बघून नको वाटली तर दुसरीकडे जा. पण न बघता नको म्हणू नका.

आपल्या या तीन शहरांचं घड्याळ लोकलच्या हातात आहे. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटरच्या आसपास. आई किंवा बाबा, पुष्कळ घरांत दोघंही, सातच्या आत बाहेर पडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. इतकी माणसं दहा वर्षांत आली, म्हणजे नव्या इमारतींतल्या बहुतेकांचं इथे जुनं नातंगोतं नाही. मूल शेजारणीकडे, पाळणाघरात किंवा गावाहून आणलेल्या आजीकडे असतं. अशा घराला शाळा लांब परवडत नाही. पैशाचा भाग वेगळा, मी वेळेबद्दल आणि माणसाबद्दल बोलते आहे. सत्तरीच्या आजीला चालत पोचता येईल, मूल तापलं तर अर्ध्या तासात घरी आणता येईल, अशा अंतरावर सहा वर्षांच्या मुलाची शाळा असावी.

२६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. रेल्वे बंद, उल्हास नदी आणि वालधुनी दोन्ही पात्राबाहेर, आईवडील मुंबईत अडकलेले. त्या रात्री मूल घरापासून किती अंतरावर आहे, एवढाच हिशेब उरला होता. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. पाऊस आपल्याकडे असा दर काही वर्षांनी येतोच. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा ठरवली आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा वाड्या-पाडे असतील. पण चाकरमान्यांच्या शहरालाही हे अंतर तितकंच लागू पडतं.

आता शाळेच्या आत जाऊ. २०२२ पासून सरकारी शाळांत पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारी मेळावा भरतो, एक एप्रिलच्या सुमारास आणि दुसरा शाळा उघडताना जूनमध्ये. शाळा ओळखायची असेल तर याच्यासारखा दिवस नाही. मी पाहिलेल्या मेळाव्यात व्हरांड्यात बाकांवर चादरी घालून सात टेबलं केली होती. एका टेबलावर नावनोंदणी. पुढे फरशीवर खडूने आखलेली रेघ, तिच्यावरून तोल सांभाळत चालायचं, दोरीवरून उडी मारायची. त्यापुढे मूग, चवळी आणि राजमा एकत्र केलेली थाळी. एक मुलगा तिच्यापुढे बसून राजमा बाजूला काढत होता, चवळी आली की थांबून बाईंकडे बघत होता. बाई गप्प बसल्या. मुलाने चवळीचा वेगळा ढीग केला आणि मगच त्या पुढे सरकल्या. चित्र बघून गोष्ट सांगायच्या टेबलाशी एक मुलगी अजिबात बोलली नाही. तिच्या आजीचा जीव खालीवर होत होता. बाईंनी आजीच्या हातातल्या विकासपत्रावर ‘मदतीने करते’ अशी खूण केली आणि म्हणाल्या, ‘आजी, यात पास-नापास नाही हो. रोज भाजी निवडताना तिला शेजारी बसवा, शेंगा मोजून घ्या, दुपारी काय काय केलं ते रात्री आईला सांगायला लावा. जूनमध्ये परत बघू.’

‘जूनमध्ये परत बघू’ हे त्यांचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घ्यायला आणि देणगी मागायला कायद्याने बंदी आहे, तरी या ना त्या नावाने चाळणी लावली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मुलाला जे येत नाही ते समजून घेतात ते त्याला शिकवायचं म्हणून. शिवाय घरच्या माणसाच्या हाती काम देतात. शेजारपाजारच्या आयांचे माता गट करतात, त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर खेळ आणि कृती पाठवतात. शिकलेली आईच हे करू शकते असं मुळीच नाही. आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरवली, गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन आज्या अक्षरं गिरवू लागल्या. घरातली म्हातारी माणसं शिक्षणाच्या बाहेरची आहेत, हे मला कधीच पटलेलं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावरूनच पुष्कळ जण परत फिरतात. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात वीटभट्ट्यांवर येणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुलं वर्षात दोन ठिकाणी राहतात. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर एवढं त्यांना जरूर सांगा. पुस्तकं बालभारतीची आणि मोफत, फी नाही. ज्यांना खासगी शाळाच हवी आहे आणि उत्पन्न कमी आहे, त्यांच्यासाठी विनाअनुदानित शाळांमधल्या २५ टक्के जागा आहेत. सरकारी किंवा अनुदानित शाळा किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो रद्द केला.

दुपारच्या जेवणाबद्दल लोक नाक मुरडतात. ‘खिचडीची शाळा’ हे शब्द मी ऐकले आहेत आणि ऐकताना वाईट वाटलं आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा या आहाराचा हिशेब आहे. मुलांना वाढण्याआधी कोणा मोठ्या माणसाने चव घ्यायची आणि नोंदवहीत लिहायची असा नियम आहे. पालकाने जाऊन चव घ्यावी, यात कसलाही अडसर नाही. आमटी पातळ असेल तर तसं लिहा. आणि सगळी मुलं एका रांगेत मांडी घालून एकच अन्न खातात, ही गोष्ट माझ्या मते पहिलीच्या कोणत्याही धड्याइतकी मोठी आहे.

भाषेचं आता. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाने वाचायला मराठीत शिकावं, घरात हिंदी किंवा सिंधी असेल तर त्या भाषेत, हे माझं मत ठाम आहे. सहा वर्षांचं मूल वाचायला शिकतं तेव्हा त्याला अक्षर नवं असतं. शब्दही नवा असेल तर ओझं दुप्पट होतं. इंग्रजी यायला हवी, त्याबद्दल वाद नाही, आणि राज्यातल्या मराठी शाळांत ती पहिलीपासून आहे. उल्हासनगरचा इतिहास या बाबतीत आपल्या घरचा दाखला आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली. दोन हजारांहून अधिक बराकी, मध्ये पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी संसार. ८ ऑगस्ट १९४९ ला राजाजींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. घर नव्हतं, धंदा नव्हता, तरी त्या माणसांनी बराकींतच आपल्या मुलांच्या शाळा भरवल्या, स्वतःच्या भाषेत. सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली १९६७ मध्ये. उल्हासनगरची मुलं त्याच्या कितीतरी आधीपासून ती वर्गात वाचत होती. पुढे गावात मराठी, हिंदी आणि सिंधी अशा तिन्ही माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालल्या. वस्तीने उभी केलेली शाळा कशी असते हे आपल्याला दुसऱ्या कुणाकडून शिकायची गरज नाही.

याच आपल्या जुन्या, न विभागलेल्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून शाळाच मुलांच्या दारी नेली. मुलं येत नाहीत म्हणून अंगणात वर्ग भरवले, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. वारली मुलांना आंघोळ घालण्यापासून त्यांचं शिक्षण सुरू होई. सरकारी बालवर्गात आज जे खेळ आणि गाणी दिसतात, त्यात त्या दोघींच्या कष्टांचा मोठा वाटा आहे.

या शाळांचं सगळं उत्तम आहे असं मात्र मी म्हणणार नाही. काही शाळा खरोखर चांगल्या आहेत, काही दोन शिक्षकांवर कशाबशा उभ्या आहेत. म्हणून बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं नंतर बघा. आधी विचारा, किती वर्गांना मिळून एक शिक्षक आहे? कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, ६१ ते ९० असेल तर तीन. पाच इयत्ता दोघांत म्हणजे बाई तिसरीला गणित देतात तेव्हा पहिली आपापली बसते. पट वाढला तर शिक्षक मागता येतो, आणि पट वाढवणं आपल्या हातात आहे. दुसरीच्या मुलांच्या वह्या उघडून बघा. सगळ्या वह्यांत तेच वाक्य तसंच उतरवलेलं असेल तर मुलं फळ्यावरचं गिरवताहेत. एखाद्या मुलाला सहज काही वाचायला सांगा. स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघा, नळाला पाणी येतं का तेही.

आणि सुरक्षेबद्दल विचारताना संकोच करू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातल्या चिमुकल्यांवरच्या अत्याचाराने आपण सगळे हादरलो. २० ऑगस्टला माणसं रुळांवर बसली आणि तासन्‌तास उठली नाहीत. दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारचा आदेश निघाला: प्रत्येक शाळेत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, गैरप्रकार कळल्यापासून २४ तासांच्या आत वर कळवणं. कागदावर हे सगळं आहे, म्हणून शाळेत गेल्यावर नेमकं विचारायचं. लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण नेतं? ती बाई आहे ना, आणि ती सुट्टीवर असेल त्या दिवशी कोण? कॅमेऱ्यातलं चित्रण कोण बघतं? तक्रारपेटी कधी आणि कुणासमोर उघडतात? समितीतली नावं फलकावर लिहिलेली आहेत का? लाखभर फी घेणाऱ्या शाळेलाही हेच विचारा. उत्तर देताना मुख्याध्यापक वैतागले, तर मी तरी त्या शाळेत मूल घालणार नाही.

एवढं सगळं बघणं एकट्या आईच्या बळावर होत नाही, आणि सरकारी शाळा मला जवळची वाटते ती इथेच. तिच्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, मिळालेल्या अनुदानाचा खर्च बघते, आणि सभा दर महिन्याला व्हायला हवी. खासगी विनाअनुदानित शाळेला ही समिती सक्तीची नाही. कायद्यातली पालकाची व्याख्याही वाचण्यासारखी आहे. मुलाचा सांभाळ आणि ताबा ज्या व्यक्तीकडे आहे ती पालक. म्हणजे आईवडील गावी किंवा परमुलखात असतील आणि नात आजीकडे वाढत असेल, तर आजीलाही त्या खुर्चीवर बसता येतं.

अडचण एकच आणि ती पूर्णपणे आपल्या भागातली आहे. सभा भरते कामाच्या दिवशी सकाळी, तेव्हा निम्मे पालक लोकलमध्ये असतात. कोरम पुरा करायला घरी असलेल्या दोन-तीन बायांच्या सह्या घेतल्या जातात आणि काय ठरलं ते कुणालाच कळत नाही. सभा शनिवारी दुपारी किंवा रविवारी ठेवा, असा अर्ज पालकांनी सह्या करून मुख्याध्यापकांकडे द्यावा, पोच घ्यावी. समितीची मुदत दोन वर्षांची असते, ती संपल्यावर पालकसभेत नवी निवड होते. मूल पहिलीत घातल्यावर पहिल्याच पालकसभेत विचारून ठेवा, सध्याच्या समितीची मुदत कधी संपते.