जवानाला घर हवेच, पण किसानाची जमीन फुकट का?

डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या हाती असलेला कारभार पुन्हा निवडून आलेल्या माणसांकडे आला. आता बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, कुठेही जा, दोन विषय निघतातच. शहर वाढते आहे, घरांना जागा हवी, हा एक. फौजेतून परतलेल्या माणसाला शहराने काय द्यायचे, हा दुसरा. या दोन्ही विषयांत शेतकऱ्याला कोणी विचारत नाही. पावती मात्र त्याच्याच नावाने फाटते.

माजी सैनिक म्हणजे कोणी परका नव्हे. तो आपल्याच घरचा. चार एकर कोरडवाहू दोन भावांत पुरत नाही, म्हणून एक भाऊ वखर धरतो आणि दुसरा पहाटे डांबरी रस्त्यावर धावून भरतीला उभा राहतो. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल जाहीर झाला आणि व्यापाऱ्याने त्याच्या खाली माल मागितला. शेतीत भाव मिळाला असता तर यातली किती पोरे घर सोडून गेली असती? 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामात आपल्या जिल्ह्याचे दोन जवान गेले: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड. दोघेही केंद्रीय राखीव पोलीस दलाचे. हे दल लष्करात मोडत नाही. म्हणजे त्यांच्याच तुकडीतला एखादा जवान निवृत्त होऊन घरी आला, तर कायद्याच्या व्याख्येत तो 'माजी सैनिक' ठरत नाही. श्रद्धांजलीच्या फलकावर सगळे सारखे, कागदावर मात्र भेद.

राज्य शासनाने 2020 मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ केली. आमचा विरोध नाही. पण घरपट्टी हा नगरपरिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या हक्काचा पैसा. त्यातूनच नळ, नाली, दिवे चालतात. टाळ्या मुंबईने घ्यायच्या आणि खड्डा गावाच्या तिजोरीला पडायचा, हा उदारपणा कसला? माफी शासनाने दिली असेल तर तेवढी रक्कम शासनाने वर्षाच्या वर्षाला स्थानिक संस्थेला भरून द्यावी.

शिवाय घरपट्टी माफ व्हायला आधी घर पाहिजे. शिपाई साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. हाती आलेली एकरकमी रक्कम घेऊन तो मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी प्लॉट शोधतो. शहराच्या हद्दीत भाव झेपत नाही, म्हणून सुंदरखेड, सागवनसारख्या लगतच्या गावांकडे वळतो. दलाल त्याला गुंठा-दोन गुंठे दाखवतो, स्टँपपेपरवर नोटरी करून देतो. सातबाऱ्यावर नाव चढत नाही, बँक कर्ज देत नाही, बांधकामाचा परवाना मिळत नाही. सीमेवर ज्याने हद्द राखली, त्याला आपल्या घराची हद्द सिद्ध करता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. विकास आराखडा होतो तेव्हा शाळा, बगीचा, रस्ता, घरकुल यांची आरक्षणे शहराच्या कडेच्या शेतांवर पडतात. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे 10 वर्षे उलटल्यावर जमीनमालकाने नोटीस द्यायची, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तरच आरक्षण उठते. एवढी वर्षे त्या शेताला ना शेतीसारखी किंमत, ना प्लॉटसारखी. पोरीच्या लग्नाला विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक नाही. शेजारच्या बिनआरक्षित शेताचा मालक ले-आउट पाडून मोकळा होतो. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क काढून घेतला, त्याचे फळ हे असे कडेच्या शेतकऱ्याच्या पदरात पडते.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो, म्हणून मातीचीही एक गोष्ट सांगतो. भारी काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात साधा पाया घातला तर दोन-चार वर्षांत भिंती तडकतात. घराला मुरमाड, बरड जमीन चांगली, पिकाला काळी. पण आराखडा आखणारा रस्त्याला लागून काय आहे ते पाहतो, खाली माती कोणती ते पाहत नाही. त्यामुळे कापसाची जमीनही जाते आणि घरही धड उभे राहत नाही. पाण्याचेही तसेच. बुलढाण्याची तहान पैनगंगेवरच्या येळगाव धरणावर भागते. नवीन वस्तीला नळ देताना ते पाणी कोणाच्या वाट्याचे कापणार, याचा हिशेब ठरावात लिहिला पाहिजे.

प्रश्न लवकरच वाढणार आहे. 2022 च्या अग्निपथ योजनेतली पहिली तुकडी चार वर्षे पुरी करते आहे. त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के सैन्यात राहतील. बाकीचे ऐन तरुणपणी परत येतील. सोबत सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवानिधी असेल, पेन्शन नसेल आणि माजी सैनिकाचा दर्जाही नसेल. त्या पैशावर पहिली झडप प्लॉटच्या दलालाची पडणार, हे ओळखायला ज्योतिषी नको.

म्हणून आमचे म्हणणे असे:

1. नगरपरिषदेने आधी स्वतःच्या आणि नझूलच्या पडीक जागांची यादी जाहीर करावी. सैनिकांसाठी प्लॉट तिथे पाडावेत आणि रास्त किमतीला, पक्क्या मालकीहक्काने द्यावेत. ई-क्लासला हात लावू नये. तिथे गरिबाची ढोरे चरतात.

2. शेतकऱ्याच्या जमिनीवर आरक्षण टाकायचे असेल तर त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात मोबदल्याची तरतूद दाखवावी. पैसे नसतील तर आरक्षणही नको.

3. निमलष्करी दलाचे जवान आणि अग्निवीर यांना माजी सैनिकांच्या बरोबरीने धरावे, असा ठराव करून शासनाकडे पाठवावा.

4. आराखड्याचा नकाशा वॉर्डावॉर्डात आणि लगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत गट नंबरासह लावावा.

कोणी म्हणेल, देशासाठी लढलेल्याला शेतकऱ्याने दोन गुंठे दिले तर बिघडले काय? शेतकऱ्याने पोरगा दिला आहे. जमीन हवी असेल तर बाजारभावाने घ्या. लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये जवान आणि किसान यांचा जयजयकार एका दमात केला. एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढा, असे त्यांनी सांगितले नव्हते.

जिल्हा बैठकीला येताना शहरालगतच्या शेतकरी भावांनी आणि मायबहिणींनी सातबारा आणि आराखड्याची प्रत आणावी. गावातल्या निवृत्त जवानांनाही सोबत घेऊन यावे. आपले अर्ज एकाच टेबलावर, एकाच दिवशी द्यायचे आहेत.