कपाट नव्हे, दोरी मोजा

जुलैतल्या झडीत ठाण्या-मुंबईच्या घरांत एक दृश्य हमखास दिसते. बैठकीच्या खोलीत आडवी बांधलेली दोरी, तिच्यावर दाटीने टाकलेले कपडे आणि वर पूर्ण वेगाने फिरणारा पंखा. दोन दिवस झाले तरी जीन्सचा कमरेचा पट्टा आणि खिसे दमटच असतात. तरीही ‘अंगावर सुकेल’ म्हणत ती चढवली जाते. त्याच घरातले कपाट उघडले, तर कपडे अंगावर कोसळतील इतके भरलेले असते. घालायला कपडे नाहीत आणि ठेवायला जागा नाही, अशा दोन्ही तक्रारी एकाच घरात, एकाच दिवशी ऐकू येतात.

या गोंधळावर उपाय म्हणून सध्या ‘कॅप्सूल वॉर्डरोब’चा बराच बोलबाला आहे. एकमेकांशी जुळणारे मोजकेच कपडे हाताशी ठेवायचे, बाकीचे आवरून ठेवायचे आणि ऋतू बदलला की संच बदलायचा, अशी ही पद्धत. लंडनमध्ये कपड्यांचे दुकान चालवणाऱ्या सुझी फॉ यांनी १९७०च्या दशकात ती लोकप्रिय केली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या फॅशन डिझायनर डोना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच आणला. पुढे तीन महिन्यांसाठी ३३ वस्तू, असे आकडेही ठरले. आपल्याकडे पद्धतीबरोबर ते आकडेही जसेच्या तसे आले.

या पद्धतीच्या समर्थनार्थ बहुतेक वेळा मेंदूचा दाखला दिला जातो. सकाळी कपडे निवडण्यात डोके थकते, म्हणून निवड कमी करा, असे सांगितले जाते. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना फक्त निळे किंवा करडे सूट घालत, हे उदाहरण तर ठरलेलेच. पण या दाव्याचा शास्त्रीय पाया वाटतो तितका भक्कम नाही. मनाची शक्ती वापराने संपत जाते, ही १९९८ मध्ये गाजलेली कल्पना २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक लोकांवर तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कपाट आवरल्याने बरे वाटते, हे खरेच. मात्र आवरण्याचे त्याहून ठोस कारण मेंदूत नसून त्वचेवर आहे.

घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम सुकण्याने होते. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हे काम झपाट्याने होते. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे गेली की घाम अंगावरच राहतो, आणि दोरीवरच्या कपड्यातले पाणीही त्याच कारणाने कपड्यातच राहते. लंडनचा ऋतू मुख्यतः तापमानाने बदलतो, आपला ओलाव्याने. म्हणूनच तिकडची यादी इकडे चालत नाही. खरे तर चंद्रपूरची यादी रत्नागिरीलाही चालणार नाही.

‘सुती तेच चांगले’ हा नियमही इथे थोडा तपासून घ्यावा लागतो. सामान्य हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे सुती कपडा घाम टिपतो, पण जाड असला तर सुकायला फार वेळ घेतो. पॉलिस्टर लवकर सुकते, मात्र त्याला वास जास्त येतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांचे व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले होते. त्यात पॉलिस्टरचे कपडे अधिक कुबट ठरले, कारण वास निर्माण करणारे काही जिवाणू त्यावर जास्त वाढतात. यातून निघणारा अर्थ साधा आहे. पावसाळ्यात अंगालगत पातळ सुती कपडा असावा, वरचा कपडा सैल आणि पटकन सुकणारा असावा, आणि जाड डेनिमने दसऱ्यापर्यंत विश्रांती घ्यावी.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. दमट कपडा, घट्ट शिवण आणि जांघेतला घाम हे बुरशीला हवे तसे घर आहे. गजकर्ण हा पूर्वी साध्या मलमाने बरा होणारा आजार मानला जाई. आता देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ चिवट, पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या गजकर्णाशी झुंजत आहेत. त्यामागच्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. तिच्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध अनेकदा चालत नाही. डॉक्टरांना न विचारता लावलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे खाज तात्पुरती थांबवतात आणि आजार पसरवतात. या बुरशीचे बीजाणू कपड्यांवर टिकतात आणि एकत्र धुतलेल्या, एकत्र वापरलेल्या टॉवेलांतून घरभर फिरतात. म्हणून बाधित व्यक्तीचे कपडे वेगळे, ६० अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात धुवावेत, उलटे करून उन्हात वाळवावेत आणि ऊन नसेल तर कडक इस्त्री करावी. हे सगळे करायचे तर हाताशी पुरेसे सुके कपडे लागतात.

मग पुरेसे म्हणजे किती? याचे उत्तर वाळत घालायच्या दोरीवर मिळते. रोज धुवायचा कपडा घरात सुकायला किती दिवस लागतात ते मोजावे आणि त्यात दोन मिळवावेत. एक अंगावर, एक कपाटात सुका, बाकीचे दोरीवर. एप्रिलमध्ये कपडा त्याच दिवशी सुकतो, म्हणजे तीन पुरतात. जुलैमध्ये तीन दिवस लागत असतील, तर पाच हवेत. म्हणजे अंतर्वस्त्रे, मोजे आणि टॉवेल यांची संख्या पावसाळ्यात वाढायला हवी. जीन्स, जाड चादरी, भरजरी साड्या आणि लोकरीचे कपडे मात्र हातातून बाजूला जायला हवेत. ऋतूप्रमाणे संच बदलणे म्हणजे सरसकट कपात नव्हे. त्यासाठी नवे ‘कॅप्सूल’ कपडे विकत घेण्याचीही गरज नसते. बहुतेक घरांत ते आधीच कपाटाच्या तळाशी दबलेले असतात.

बाजूला ठेवायचे कपडे कसे ठेवावेत, हेही तितकेच महत्त्वाचे. मे महिन्यात पापड-कुरडया कडकडीत वाळवून डब्यात भरणाऱ्या घराला हे शास्त्र नव्याने शिकवावे लागत नाही. ओलावा आत गेला की बुरशी आलीच, आणि बुरशीचे कण दमेकऱ्याला त्रास देतात. कपड्यांना ऊन दाखवण्याची जुनी रीत म्हणूनच योग्य होती. पावसाआधी मेमध्ये आणि पावसानंतर ऑक्टोबरच्या उन्हात, असे वर्षातून दोनदा ते जमते. कपाट गच्च न भरता हवा खेळायला जागा सोडावी. कपडे खाणाऱ्या पतंगाच्या अळ्यांना लोकर आणि रेशीम आवडते, त्यातही घामाचे डाग असलेले. खळ घातलेल्या सुती कपड्यांना कसर लागते. तेव्हा जे ठेवायचे ते धुऊन, खळ न घालता, पूर्ण वाळवून ठेवावे.

बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या मात्र मुळीच नकोत. नॅफ्थलीनच्या गोळ्यांची वाफ कपड्यांत मुरते. ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी या वाफेने फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. अशी कमतरता असल्याचे अनेक पालकांना ठाऊकही नसते. ट्रंकेत जपून ठेवलेली आजीच्या हातची दुपटी आणि झबली मायेने काढून लगेच बाळाला घातली जातात, तिथे हा धोका असतो. असे कपडे आधी धुऊन, उन्हात चांगले वाळवावेत. ज्यांचा वास जात नाही, ते वापरू नयेत.

कपाट हलके करण्याचा सल्ला अर्थातच कपाट भरलेल्यांसाठी आहे. दोरीचा हिशेब मात्र सगळ्यांना लागू होतो, आणि तो लावला की एक वेगळीच उणीव दिसते. शाळेतल्या मुलांना सरकारी योजनेतून वर्षाला दोन गणवेश मिळतात. दोन दिवसांत सुकणाऱ्या कपड्यासाठीही चार हवेत, हाती आहेत दोन. म्हणून पावसाळ्यात लाखो मुले ओलसर गणवेश, भिजलेले मोजे आणि बंद बूट घालून पाच-सहा तास वर्गात बसतात. सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि घरपोच सामान पोहोचवणारी तरुण मुले यांचेही तेच. त्यांना कपडे कमी करण्याचा उपदेश उपयोगाचा नाही.

जून ते सप्टेंबर गणवेशाची सक्ती सैल करणे, बूट-मोज्यांऐवजी चपला चालवून घेणे, पटकन सुकणारे कापड निवडणे यांपैकी बहुतेक गोष्टींना फारसा पैसाही लागत नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या एका बैठकीत हा निर्णय होऊ शकतो. ज्या घरांत कपडे उतू जात आहेत, त्यांनी दसऱ्याची वाट न बघता धडधाकट, धुतलेले, सुके कपडे आताच बाहेर काढले, तर ज्याच्या दोरीवर एकच सदरा लोंबकळतो आहे, त्याला ते या पावसात उपयोगी पडतील.