गच्चीचे कुलूप



आमच्या देवणीत उन्हाळ्यात रात्री लाईट गेली की गल्लीतल्या बाया ओट्यावर येऊन बसतात. मागच्या आठवड्यात अशाच बसलो असताना माझ्या पुतण्याने मोबाईलवर आरुषी तलवार खून प्रकरणाचा एक कार्यक्रम लावला. पुढे लाईट आली तरी कुणी आत गेले नाही. प्रत्येकीला खुनी सापडला होता! एक म्हणाली बापानेच केले, दुसरी म्हणाली नोकराच्या दोस्तांनी. शेजारच्या काकूंनी नोएडा कधी पाहिले नाही, पण त्या घराचे कोणते दार कुठे उघडते हे त्या मातीत रेघा ओढून दाखवत होत्या. मीही त्यात होतेच. दुसऱ्याच्या घरातल्या मेलेल्या लेकराबद्दल आपण किती चवीने बोलतो, हे मला घरी आल्यावर जाणवले.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिल्लीजवळच्या नोएडात जलवायू विहार नावाची वसाहत आहे. तिथे डॉ. राजेश आणि डॉ. नूपुर तलवार हे दातांचे डॉक्टर राहात. नूपुर माहेरच्या चिटणीस, म्हणजे मराठी घरची लेक. आरुषी त्यांची एकुलती एक मुलगी. 24 मे 2008 ला तिला चौदावे पूर्ण होणार होते. त्याआधी आठ दिवस, 15 मेच्या रात्री, तिच्याच खोलीत तिचा खून झाला. घरात चौथे माणूस होते ते हेमराज बंजाडे, नेपाळहून आलेले, वय 45. स्वयंपाकपाणी तेच बघत आणि त्याच घरातल्या एका खोलीत राहात.

सकाळी हेमराज घरात दिसले नाहीत. झाले, निकाल लागला! फिर्यादीत त्यांचे नाव, पोलिसांच्या तोंडी त्यांचे नाव, टीव्हीवर त्यांचे नाव. माहिती देणाऱ्याला 20,000 रुपयांचे बक्षीसही जाहीर झाले. त्या दिवशी घरात पोलीस, नातेवाईक, शेजारी, वार्ताहर सगळेच फिरत होते. गच्चीच्या जिन्यावर आणि दारावर रक्ताचे डाग असल्याचे पोलिसांच्या कानावर घातले गेले. पण दाराला कुलूप होते, चावी मिळेना, ते काम उद्यावर राहिले. आरुषीवर त्याच दिवशी अंत्यसंस्कार झाले, खोली साफ केली गेली. 17 मेला गच्चीचे कुलूप तोडले तेव्हा आत हेमराज यांचे प्रेत होते, कूलरच्या झडपेखाली झाकलेले. ज्याला देशभर शोधत होते तो माणूस त्याच घराच्या छतावर मरून पडला होता.

आता आमच्या ओट्यावरच्या भांडणाकडे येते. पहिला मुद्दा दाराचा. सकाळी मोलकरीण आली तेव्हा दार बाहेरून लागलेले होते, आणि नूपुर यांनी तिला बाल्कनीतून खाली चावी टाकली. बाहेरून कडी म्हणजे बाहेरचाच माणूस, असे काकूंचे म्हणणे. पुतण्या म्हणाला, ती कडी मुद्दाम लावली नसेल कशावरून? त्यात हेमराज यांच्या खोलीला एक दार घरात आणि एक बाहेरच्या जाळीच्या बाजूला उघडणारे होते. काकूंची मातीतली रेघ इथे दोनदा पुसली गेली. आरुषीच्या खोलीचे दार ओढले की आपोआप बंद होणारे, म्हणजे किल्ली कुणाकडे हा आणखी एक प्रश्न. दुसरा मुद्दा दारूच्या बाटलीचा. जेवणाच्या टेबलावर ती बाटली सापडली आणि तिच्यावर दोघांचेही रक्त होते. खून करून कुणी निवांत बसून प्याले? की हात थरथरत होते म्हणून प्याले? मग गोल्फची काठी आली, खुकरी आली, रात्री इंटरनेटचे यंत्र आपोआप सुरू-बंद कसे झाले तेही आले.

मला सगळ्यांत मोठी वस्तू वाटते ती उशीचा अभ्रा. तलवारांच्या दवाखान्यातला मदतनीसही नेपाळी. त्याच्या खोलीतून एक जांभळा अभ्रा जप्त झाला होता. हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या 2008 च्या अहवालात त्या अभ्र्यावर हेमराज यांचे रक्त असल्याची नोंद होती. तो कागद फायलीत तसाच पडून राहिला. 2011 साली बचाव पक्षाने तो उकरून काढला तेव्हा उत्तर आले की टाईप करताना दोन अभ्र्यांची वर्णने एकमेकांच्या जागी पडली, ती चूक होती. रेशनकार्डावर नाव चुकले तर आपण तहसीलला किती खेटे घालतो! इथे दोन जिवांच्या खुनाचा कागद चुकला म्हणून सांगतात आणि तो चुकला की नाही यावर आजही वाद आहे.

तपास तरी किती वेळा फिरला. आधी हेमराज. मग 23 मेला वडिलांना अटक झाली, आणि पोलिसांच्या बड्या अधिकाऱ्याने पत्रकारांपुढे त्या मेलेल्या पोरीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, तेही तिचे नाव चुकवून. मग सीबीआयच्या पहिल्या पथकाने तीन नोकरमाणसांना धरले, औषध टोचून त्यांच्या चाचण्या केल्या आणि पुरावा नाही म्हणून सोडले. दुसऱ्या पथकाचा संशय आईबापांवर. 2010 च्या डिसेंबरात सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला, कोर्टाने तो नाकारून आईबापांवरच खटला चालवला. 26 नोव्हेंबर 2013 ला दोघांना जन्मठेप. 12 ऑक्टोबर 2017 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना सोडले. घरात चार जण होते, दोन मेले, उरलेल्या दोघांनी सांगावे काय झाले, असे सरकार पक्षाचे म्हणणे. उच्च न्यायालय म्हणाले, आधी तुमची बाजू सिद्ध करा, बाहेरचे कुणी आलेच नसेल असे पुराव्यावरून म्हणता येत नाही. मोलकरणीची साक्षही शिकवलेली ठरली. आपल्याला जे समजावले तेच सांगते आहे, असे तिने स्वतःच कोर्टात सांगितले होते. निकालाविरुद्ध हेमराज यांच्या पत्नीही सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

इतका वेळ आमच्या आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, गप्प होत्या. पुण्यात बारा वर्षे त्या चार घरची धुणीभांडी करतात. त्या म्हणाल्या, "तुमी बाटली बगा, काठी बगा. मला एवढंच सांगा, त्या छताचं कुलूप पयल्याच दिशी का तोडलं न्हाई?" कुणी बोलेना. मग त्याच म्हणाल्या, "नोकर पळाला म्हणून समद्यांनी ठरिवलंच होतं की. मग शोधायचं कशाला?"

आक्कांचा हा प्रश्न कुठून आला ते मला माहीत आहे. सात-आठ वर्षांपूर्वी एका घरात मालकिणीची कुडी हरवली. आक्कांची पिशवी जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर उपडी केली. डबा उघडून भाकरी उलटी केली. चौकीवर तीन तास बसवले. आठ दिवसांनी कुडी इस्त्रीवाल्याकडच्या साडीच्या पदरात अडकलेली निघाली. हे आक्कांना मालकिणीने सांगितले नाही, वॉचमनने सांगितले.

त्याच नोएडात, जलवायू विहारपासून जवळच, निठारी आहे. 2006 च्या डिसेंबरात तिथल्या एका बंगल्यामागच्या नाल्यात लहान मुलांचे सांगाडे निघाले. बहुतेक मजुरांची लेकरे. आईबाप कितीतरी महिने पोलिसांच्या दारात उभे होते, कुणी दाद दिली नाही. बंगल्यातल्या नोकराला फाशीच्या शिक्षा झाल्या. 2023 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला बारा खटल्यांतून सोडताना म्हटले की तपासाने गरीब नोकराला राक्षस ठरवण्याचा सोपा मार्ग धरला. उरलेल्या शेवटच्या खटल्यातून सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने 11 नोव्हेंबर 2025 ला त्याला मुक्त केले. एकोणीस वर्षे गेली. आणि त्या लेकरांना कुणी मारले, हे त्यांच्या आईबापांना आजही कुणी सांगू शकत नाही.

हे मी सांगितले तेव्हा काकूंनी मातीतल्या रेघा पायाने पुसल्या. पुतण्याने मोबाईल खिशात घातला.

आक्का परवा पहाटेच्या एस.टी.ने पुण्याला परत गेल्या. एका नव्या घरच्या मालकिणीने, बाई चांगली आहे म्हणे, त्यांना घराची जादा किल्ली ठेवायला दिली होती. आक्कांनी ती घरी आणलेली नाही. रोज काम झाले की ती वॉचमनकडे देतात, त्याच्या वहीत वेळ लिहायला लावतात, आणि खाली स्वतःची सही करतात.