साठी बुद्धी नाठी, पण कोणत्या प्रकारची?

आमच्या पाथरीकडे म्हातारं माणूस विसरायला लागलं की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून लोक मोकळे होतात. जे परभणी-नांदेडला दाखवून येतात ते विचारतात, "गुरुजी, या गोळीनं गुण येतो का हो?" माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, डिमेन्शिया कोणत्या प्रकारचा?

डोनेपेझिलचंच घ्या. मेंदूतल्या पेशींचे निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलिन लवकर मोडू नये, एवढंच ही गोळी करते. अल्झायमरमध्ये ('अस्तु' चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगवलेल्या शास्त्रीबुवांचा आजार) काहींना तिचा थोडाफार फायदा होतो, पण रोग थांबत नाही. लेवी बॉडी प्रकारात नसलेली माणसं, जनावरं दिसतात, अंग आखडतं. तिथे या जातीच्या औषधांचा गुण बऱ्याचदा चांगला येतो. मात्र भास थांबावेत म्हणून त्याच रोग्याला हॅलोपेरिडॉल दिलं तर जिवावर बेतू शकतं! फ्रंटोटेम्पोरलमध्ये बहुधा आधी स्वभाव किंवा बोलणं बिघडतं. त्यात डोनेपेझिलचा उपयोग नाही, उलट वागणं आणखी बिघडू शकतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या प्रकारात मुख्य काम रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवण्याचं, आणि तंबाखू सोडण्याचं. (हे आमच्या पारावर सांगून पाहा!)

आणि कधी कधी मूळ दुखणं बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉईड निघतं. ते साध्या रक्ततपासणीत कळतं आणि वेळेवर उपचार झाले तर विसरणं सुधारूही शकतं. ही तपासणी न करता वर्षानुवर्षं महागड्या गोळ्या चारणं मला पटत नाही.

नव्या इंजेक्शनांचा मोठा गाजावाजा आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब फक्त अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहे. चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्के मंदावली, असं छापून आलं. पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक ०.४५ चा. अर्धा गुणही नाही! मास्तर म्हणून सांगतो, एवढ्यावर मी कुणाला वरच्या वर्गात घातलं नसतं. शिवाय मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका, म्हणून वारंवार एमआरआय.

तेव्हा चिठ्ठीवर नुसतं 'डिमेन्शिया' असेल तर प्रकार लिहून मागा. गोळी सुरू करताना एका वहीत टिपून ठेवा, आज्जी स्वतः जेवते का, नावं ओळखते का, रात्री झोपते का. तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि गोळी चालू ठेवायची का, हे विचारा. मनानं मात्र बंद करू नका.